मला आटवता येणार नाही

दचकू नका. भिंतीवरून बोलतेय ती मीच, काचेमागचं चित्र. नाशिकरोडच्या एका कॉलनीत, सिंधुबाईंच्या पुढच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर मला टांगलंय. नवा माणूस आला की चपला काढता काढता मला बघतो आणि विचारतो, "फोटो आहे का हा?"

फोटो नाही. मला हातानं काढलंय आणि हातानंच रंगवलंय. माझ्यात अंबाड्यात खोवायचं सोन्याचं फूल आहे, आणि ते ज्या अंबाड्यात खोवलंय तो अंबाडाही आहे. थोडा काळा, बराचसा पांढरा.

काही जण याच्याही पुढे जातात. "म्हणजे नुसतं चित्रच," असं म्हणून सोफ्यावर बसतात. त्यांच्याशी माझं भांडण आहे. ज्या खऱ्या फुलावरून मला काढलं ते खरं फूल आज कुठंय, विचारा. ते भट्टीत गेलं, आटलं, त्याचा गोळा झाला. आणि नुसतं चित्र अजून इथं भिंतीवर आहे आणि तुमच्याशी वाद घालतंय.

माझा जन्म सराफ बाजारातला, खंडेराव शेठच्या पेढीतला. गल्ली अशी की दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, आणि मागं कुणी जायचं यावर आधी बरीच चर्चा होते. पेढीच्या भिंतीवर गोदावरीच्या एका जुन्या पुराची खूण आहे. रंगारी आले तरी शेठ तेवढ्या पट्ट्यावर हात फिरवू देत नाहीत.

त्या पेढीचा एक रिवाज आहे. कुणी जुना दागिना मोडीत घातला, तर तो आटवायच्या आधी त्याचं चित्र काढायचं. रंगीत, आणि दागिन्याच्याच मापाचं. हे शेठच्या वडिलांनी सुरू केलं. सोनं परत मिळेल, पण ती नक्षी ज्या हातानं घडवली तो हात परत कुठून आणायचा, असं ते म्हणायचे म्हणे. शेठ एवढं बोलत नाहीत. वडिलांनी घालून दिलंय म्हणून चालवतात, आणि झालेली चित्रं एका खणात टाकतात. तो खण सहसा कुणी उघडत नाही.

माझाही मुक्काम त्या खणातच व्हायचा होता. झाला नाही, ते कसं ते सांगते.

मला जिनं काढलं ती वेदिका. दागिन्यांच्या डिझाइनचा कोर्स करून आलेली, चष्मा लावणारी, बारीकशी मुलगी. तिला घेतलं होतं कॉम्प्युटरवर डिझाइन करायला, पण हाताची चित्रं काढायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तेही काम तिच्याकडं आलं. ती फार दचकते. शेजारचं शटर वर गेलं की दचकते. स्वतःचाच मोबाइल टेबलावर थरथरला तरी दचकते. कुणी मागून "मॅडम" म्हटलं तर दचकते आणि वर सॉरीही तीच म्हणते. रात्री झोपताना दिवसभर आपण कुणाला काय चुकीचं बोललो ते आठवत बसते, असं तिनं एकदा मैत्रिणीला फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय. माझ्या तोंडी जी भाषा आहे ती तिच्याकडूनच आली. घाबरटपणाही थोडा आलाय. पण मी काचेमागं आहे, मला कोण काय करणार, म्हणून मी जरा जास्त बोलते.

त्या दिवशी मी नुसता खाकी रंगाचा जाड कागद होते, वेदिकाच्या पाटीला चिमट्यांनी लावलेला. पण कोरा असला तरी कागदाला ऐकू येतं.

दोन बायका आल्या. एक बोलत होती, दुसरी तिच्या मागं उभी होती. बोलणारी कुसाबाई, मनमाडहून आलेली. मागची सिंधुबाई, तिच्या भावाची बायको. कुसाबाईंनी पिशवीतून डबी काढून काउंटरवर ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांचा भाऊ गेल्या वर्षी गेला. भाच्याचं, म्हणजे शेखरचं, लग्न ठरलंय. या फुलाचं आता घरात कुणाला काम नाही, तर हे आटवून शेखरला हातातलं ब्रेसलेट करा, नवरदेवाच्या हाताला शोभेल असं.

शेठनी चष्म्यातून फूल पाहिलं. "चांगली घडण आहे हो. सूनबाईंना ठेवत नाही का?"

"आजकालच्या पोरी अंबाडा घालत्यात व्हय," कुसाबाई म्हणाल्या. "आन् हिनं आता फूल लावायचंय कुठं?"

हिनं म्हणजे सिंधुबाईंनी. नवरा गेलेल्या बाईनं केसांत फूल माळायचं नाही, मोगऱ्याचं नाही की सोन्याचंही नाही. हे कुणी फोडून सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. काउंटरपलीकडच्या सगळ्यांनी मान हलवली. सिंधुबाईंनीही हलवली.

मग कुसाबाई काचेखालची ब्रेसलेटं बघण्यात रमल्या आणि सिंधुबाई चित्रासाठी वेदिकाच्या कोपऱ्यात येऊन बसल्या. वेदिकानं फूल हातात घेऊन पाहिलं. वाटोळं, पाकळ्यांची कडा बारीक तारेची, मधोमध एक लाल खडा, झिजून मंद झालेला. एक पाकळी जराशी वाकलेली. तिनं त्या पाकळीबद्दल विचारलं तर सिंधुबाई हळूच हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाल्या होत्या, एसटीत डोळा लागला, डोकं खिडकीच्या गजावर आपटलं. तेव्हाची ती पाकळी. नवऱ्यानं रस्ताभर चिडवलं होतं, डोक्याला टेंगूळ नाही आलं पण फुलाला आलं म्हणून.

वेदिकाला फूल कसं बसतं तेही काढायचं होतं. पेढीची तशी पद्धत आहे. एकदा समोरून, एकदा बाजूनं, एकदा अंगावर. पण हे बाईंना कसं विचारायचं यात तिचा बराच वेळ गेला. शेवटी कसंबसं म्हणाली, "काकू, एकदा लावून दाखवाल का? नुसतं काढण्यापुरतं."

सिंधुबाईंनी आधी काउंटरकडं पाहिलं. कुसाबाईंची पाठ होती. मग त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला, वेदिकाकडं पाठ केली आणि म्हणाल्या, "तूच खोव. माझा हात वर जात नाही."

वेदिकानं खोवलं. आणि पेन्सिल उचलली. माझ्यावर पहिली रेघ उमटली ती त्या अंबाड्याची.

पुढचे काही दिवस मी रंगत गेले. सोनं रंगवायला सोनेरी रंग वापरत नाहीत, हे तुम्हाला माहीत नसेल. माझ्यात सोनेरीचा थेंबसुद्धा नाही. कडेला तपकिरी, त्यावर मातकट पिवळा, मग लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आणि जिथं उजेड पडतो तिथं टोकदार ब्रशनं पांढऱ्याचा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत मी हळदीच्या डागासारखी दिसत होते. ठिपका पडला आणि मी चमकायला लागले. खड्यांचंही तसंच. लाल रंगावर असा पांढरा ठिपका दिसला की घडवणारा समजतो, इथं खडा बसवायचा.

केस रंगवायला वेदिकाला सगळ्यात जास्त वेळ लागला. पेढीच्या चित्रांत केस नेहमी काळेभोर काढतात. तिनं एकदा काळा रंग कालवलासुद्धा. मग तो पुसून टाकला. एकेक पांढरा केस तिनं वेगळा ओढला. पिवळ्या फुलाभोवती ते पांढरे केस इतके छान दिसायला लागले की तिनं खुर्ची मागं सरकवून मला लांबून पाहिलं आणि स्वतःशीच "बापरे" म्हणाली.

आणि तेवढ्यात खंडेराव शेठ शिंकले.

शेठची शिंक ही काही साधी गोष्ट नाही. ती आली की समोरच्या दुकानातले कामगारही हातातलं काम थांबवतात. वेदिकाच्या हातात लाल रंगाचा ब्रश होता. ती दचकली, आणि एका पाकळीच्या कडेवर, जिथं काहीच नव्हतं तिथं, लाल थेंब पडला.

तिनं ओल्या ब्रशनं तो उचलायचा प्रयत्न केला. तो उचलला तर गेला नाही, उलट चांगला गोल झाला. घाबरलेल्या माणसाचा हात डोक्याचं ऐकत नाही, सवयीचं ऐकतो. तिच्या हातानं सवयीनं त्या थेंबावर पांढरा ठिपका देऊन टाकला. डाग आता डाग दिसेना. खडा दिसायला लागला. ती जरा सावरली. खणात तर जायचंय हे चित्र, कोण बघणार आहे, असं पुटपुटली.

माझं काम संपलं म्हणून दुसऱ्या दिवशी फूल भट्टीत गेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सिंधुबाई एकट्याच आल्या. शेखरच्या मनगटाचं माप आणलं होतं, सुतळीला गाठ मारून. शेठ फोनवर होते म्हणून त्या वेदिकाच्या कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी पाटीवरच होते.

त्यांनी मला पाहिलं. आधी फूल पाहिलं, वाकलेली पाकळी पाहिली. मग अंबाडा पाहिला आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यामागं गेला, जेवढा वर जातो तेवढा.

"ही मी हाय?"

"हो, काकू." वेदिकाला वाटलं त्या रागावल्या. "सॉरी, ते पांढरे केस… मी काळे करू शकते."

"नको." मग चित्रातल्या फुलावर नजर ठेवून म्हणाल्या, "इतकी वर्षं लावलं, पर मला कधी दिसलंच नाय गं. डोक्याच्या मागं. लावलं की बाकीच्यांनाच दिसायचं. हे म्हणायचे, छान दिसतंय, आन् मी म्हणायचे, तुमचं काय, तुम्हाला सगळंच छान दिसतं."

मला सांगायला अभिमान वाटतो की त्या क्षणी मी आरशापेक्षा मोठं काम केलं. आरसा पुढचं दाखवतो. मी मागचं दाखवलं. आणि एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट दाखवली. पांढऱ्या केसांत ते फूल वाईट दिसत नव्हतं, ओशाळवाणं दिसत नव्हतं. आधीपेक्षा चांगलं दिसत होतं.

"फूल कुठंय आता?" त्यांनी विचारलं.

वेदिकानं शेठच्या पेटीतून गुलाबी कागदाची पुडी आणली आणि उघडली. आत गोळा होता. सिंधुबाईंनी गोळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. शेठचा फोन संपेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. नंतर सुतळी त्यांनी परत पिशवीत टाकली.

"शेठ, याचं परत हेच करा. हुबेहूब."

शेठ हसले. त्यांना गंमत वाटली. "अहो, मग ब्रेसलेट?"

"मनगट कुठं पळून चाललंय का त्याचं? करू मागनं."

"पण सिंधुबाई," शेठनी आवाज खाली आणला, "तुम्ही लावणार कधी ते?"

"शेखरच्या लग्नात."

शेठनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला. वेदिका या वेळी दचकली नाही, हे फक्त माझ्या लक्षात आलं.

शेखर दुसऱ्या दिवशी येऊन गेला. बिचारा भला मुलगा, पण लग्नाच्या धावपळीत त्याचा चेहरा सारखा कुठंतरी उशीर झाल्यासारखा. ब्रेसलेटचं त्याला काही नव्हतं, ते हातात असलं की बाइक चालवताना टोचतं म्हणाला. त्याला काळजी वेगळी होती. लॉन्सवर एवढी माणसं येणार, सासरची येणार, आणि आत्या. आत्याला काय सांगायचं?

"आत्याला मी सांगते," सिंधुबाई म्हणाल्या. "तू आपली गाडी बघ."

आता मूळचं फूल नव्हतं, म्हणून घडवायला एकच आधार होता, मी. सावळीराम नावाचे कारागीर आहेत, पंचवटीतून येतात. त्यांनी माझ्यावर पातळ कागद ठेवून मला उतरवून घेतलं. त्या लाल ठिपक्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. हा खडा इथं एकटाच कसा, असं त्यांनी शेठना विचारलंही. शेठ म्हणाले, जुन्या वस्तूंत असायचंच काहीतरी, बाईंना हुबेहूब हवंय, कागदावर आहे तसं करा.

वेदिका सांगायला उठली होती. शपथेवर सांगते, उठली होती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ती परत उठली, पण तोवर कुंभमेळ्यासाठी रस्ते खणलेत, लवकर निघायला हवं म्हणत सावळीराम गाडीला किक मारून गेलेसुद्धा. मग पुढचे सगळे दिवस तिनं रोज सकाळी ठरवलं, आज सांगते, आणि रोज संध्याकाळी घरी जाताना न सांगितलेलं सोबत घेऊन गेली.

फूल तयार होऊन आलं. वाकलेली पाकळी वाकलेलीच होती. मधला खडा जुनाच, भट्टीत घालायच्या आधी काढून ठेवलेला. आणि पाकळीच्या कडेवर एक नवाकोरा लाल खडा, नजर न हटवता बघावं असा चकाकत होता.

शेठनी फूल माझ्याशेजारी ठेवून पाहिलं आणि खूश झाले. सावळीरामही खूश. सिंधुबाईंनी मात्र फूल उचललं, उजेडाकडं धरलं आणि विचारलं, "हा कुठला?"

सावळीराम शेठकडं बघायला लागले. मग वेदिकाच्या कोपऱ्यातून अगदी बारीक आवाज आला. "तो माझ्या हातून झाला, काकू. शेठ शिंकले, मी दचकले, आणि रंग सांडला. खडा नव्हता तिथं. मी सांगणार होते."

"म्हणजे माझ्या शिंकेचा खडा बसवलाय?" शेठ म्हणाले.

सावळीराम म्हणाले, "कागदावर होता, मी बसवला. शिंक कागदावर दिसत नाही."

शेठ चिडले होते, पण चिडावं कुणावर ते त्यांना ठरवता येईना, कारण शिंक त्यांचीच होती. खडा काढू, ती जागा भरून घेऊ, दोन दिवसांत देतो, असं ते सिंधुबाईंना सांगायला लागले. सिंधुबाई ऐकत नव्हत्या. फूल बोटांत फिरवत होत्या.

"सासूबाईंच्या फुलाला हा नव्हता," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालं तेव्हा त्यांनी त्यांच्या अंबाड्यातनं काढून माझ्यात खोवलं. म्हणाल्या, जप. मी जपलं. त्यात माझं असं काहीच नव्हतं, ती वाकलेली पाकळी सोडून." त्यांनी फूल शेठकडं न देता स्वतःच्याच मुठीत घेतलं. "राहू द्या. बाकीचं सगळं त्यांचं. एवढा खडा माझा."

शेठनी हात जोडले. ठीक. पण निदान चित्र तरी दुरुस्त कर, असं त्यांनी वेदिकाला सांगितलं. त्या ठिपक्यावर पिवळा लाव, पेढीच्या खणात चुकीचं चित्र ठेवायचं नाही.

वेदिकानं ब्रश उचलला. मी काय करणार होते? चिमट्यांत अडकलेली. पिवळा रंग कालवलेला मला दिसत होता. आणि मग ब्रश पाण्यात ठेवल्याचा आवाज आला.

"नाही लावणार," ती म्हणाली. "आता फुलात खडा आहे, शेठ. चित्र चुकीचं नाहीये."

ती त्या पेढीत पहिल्यांदाच नाही म्हणाली असेल. शेठ एवढंच म्हणाले की मग हे माझ्या खणात नको.

"मग मला द्या," सिंधुबाई म्हणाल्या.

अशी मी सुटले. निघण्याआधी वेदिकानं मला पालथं केलं. मागं पेढीचा शिक्का मारायचा असतो, तो तिनं मारला. पण मग सरळ करून, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत स्वतःची सही केली. पेढीच्या चित्रांवर सही करत नाहीत. तिनं केली, आणि लगेच आजूबाजूला कुणी पाहिलं का ते पाहिलं. पाहिलं तर पाहू दे. ती सही अजून इथं आहे, या, बघा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मनमाडहून कुसाबाई आल्या. दारात उभ्या राहिल्या त्या मला बघूनच. पिशवी खाली ठेवायचं विसरल्या.

त्यांना शेखरनं फोनवर थोडंफार सांगितलं होतं. सिंधुबाईंनी राहिलेलं सांगितलं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, पण पुढच्या खोलीतून एकेक जण कामाचं निमित्त काढून आत गेला, आणि दोघी माझ्यासमोर उरल्या.

कुसाबाई ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्या सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुला जड झालं तेवढं? मी नाय फूल बाजूला ठेवलं होय? तुझ्याहून लहान होते मी, हे गेले तेव्हा. मला हौस नव्हती का गं?"

"होती की, वन्सं," सिंधुबाई म्हणाल्या. "मला माहीत हाय. तुम्ही स्टेशनच्या भायेर फुलवाल्यापाशी उगा थांबता. कुणाला पत्ता विचारल्यासारखं करता, आन् मोगऱ्याचा वास घेऊन पुढं जाता. मी बघितलंय."

कुसाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. शेवटी उठताना एवढंच म्हणाल्या, "मी हात लावणार नाय त्याला. तुझं तू बघ."

तर ही अडचण होती, आणि ती अगदी साधी होती. सिंधुबाईंचा हात डोक्यामागं जात नव्हता. फूल दुसऱ्या कुणीतरी खोवायला हवं होतं. लग्नाच्या सकाळी घरात बायका भरपूर होत्या, पण एकीकडून अंबाडा घालून घेऊन सिंधुबाई माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या आणि फुलाची डबी उघडली, तशी एकीला गॅस आठवला, एकीला पोराचं दूध आठवलं, एकीला आहेराची बॅग गाडीत चढवायची आठवली. कुणी वाईट नव्हतं. पण विधवेच्या केसांत आपण फूल खोवलं असं व्हायला नको, एवढंच प्रत्येकीच्या मनात होतं. मी भिंतीवरून सगळ्यांच्या पाठी बघत होते.

तेवढ्यात वेदिका आली. तिला लग्नाचं आमंत्रण होतं, आणि साडीत ती आणखीच घाबरलेली दिसत होती. सिंधुबाईंनी डबी तिच्या हातात दिली. वेदिकानं एकदा माझ्याकडं पाहिलं, कुठं खोवायचं ते आठवायला, आणि फूल उचललं.

ती आकडा केसांत घालतच होती, तोच बाहेर बँडवाल्यांनी पहिला ठोका दिला.

ती दचकली. आता यात नवल काय. फूल बसलं, पण वाकडं बसलं, एका कानाकडं झुकलेलं. "सॉरी, सॉरी काकू," म्हणत ती काढायला गेली तर आकडा केसांत अडकला. बाहेर शेखर हाका मारत होता, गाडी निघाली म्हणत होता. सिंधुबाई उठल्या. "असू दे, वाकडं तर वाकडं," म्हणाल्या आणि दाराकडं निघाल्या.

"थांब."

कोपऱ्यात पाठमोऱ्या बसलेल्या कुसाबाई उठून आल्या. चेहरा तसाच आंबट. त्यांनी सिंधुबाईंना खांद्याला धरून माझ्याकडं पाठ करून उभं केलं. एक नजर माझ्यावर टाकली, एक अंबाड्यावर. मग आकडा सोडवला, फूल काढलं, लाल खडा उजवीकडं येईल असं धरलं, आणि चित्रात आहे तिथंच, तसंच, दाबून बसवलं.

"लावायचंच तर सरळ लाव," त्या म्हणाल्या. "वाकडं लावून माझ्या भावाचं हसं करू नको."

मग दोघी बाहेर पडल्या. मला दाराच्या समोर का टांगलंय, ते मला तेव्हा कळलं. इथून जाणाऱ्यांची पाठ दिसते. सिंधुबाईंच्या पांढऱ्या अंबाड्यात फूल होतं, आणि जिन्याच्या खिडकीतून आलेला उजेड बरोबर पाकळीच्या कडेवरच्या त्या खड्यावर पडला होता, जिथं वेदिकानं पांढरा ठिपका दिला होता तिथंच. शेजारी कुसाबाईंचा अंबाडा होता. त्यात नुसत्या काळ्या पिना. कुसाबाई एकदा थांबल्या, फूल हललं तर नाही ना ते पाहिलं, आणि चालायला लागल्या.

लॉन्सवर काय झालं ते मी पाहिलं नाही. कुणी कुजबुजलं असेल. कुजबुजले असतीलच. नंतर कॉलनीतल्या एकीनं इथं बसून चहा पिता पिता विचारलं होतं, "तुम्हाला काही वाटलं नाही का हो?" सिंधुबाई म्हणाल्या, "वाटलं की. मान जरा दुखली."

आता त्या ते फूल आठवडे बाजारालाही लावून जातात. मेथी निवडून घेताना मागचा माणूस ढकलतो, तर त्याला ऐकवतात की जरा जपून, डोक्याला फूल आहे. ब्रेसलेट अजून झालेलं नाही. शेखर विचारत नाही. नवी सून रोज सकाळी फूल खोवून देते, आणि सरळ बसलं का ते माझ्याकडं बघून ठरवते.

माझं म्हणाल तर पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन येतं. त्यानं माझा लिंबासारखा पिवळा जरा फिका पडतोय. पडू दे, हळूहळू पडू दे. फक्त कुणी मेहेरबानी करून मला दुरुस्त करू नका. पांढरे केस काळे करू नका. तो लाल ठिपका चूक आहे म्हणून त्याच्यावर पिवळा फासू नका.

कधीतरी, सिंधुबाईंनंतर, कुणाला तरी वाटेल की या फुलाचं आता घरात काय काम. तेव्हा खुशाल भट्टी पेटवा. मी इथंच असेन. माझ्यावर पातळ कागद ठेवून कुणीतरी परत घडवेल, वाकलेल्या पाकळीसकट, आणि त्या दचकलेल्या खड्यासकट.